खुर्चीतलं नाव शेवटी

ता. ३ जून

ती. आत्यास बिट्टीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनच करणार होते, पण फोनवर तू फक्त ओरडतेस, ऐकत काही नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

नोकरी लागली तेव्हा मी तुला म्हटलं होतं, की औषधं आणि मलमं बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम आहे, बाटल्या द्यायच्या आणि पिंपं मोजायची. तेवढंच असतं तर एव्हाना मी स्टोअर डोक्यावर घेतलं असतं. पण इथे एक नियम आहे. बाटली कपाटातून हलण्याआधी देणाऱ्याने तिच्यावरचं इंग्रजी नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने म्हणायचं, घेणाऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं, मगच बाटली द्यायची. अर्धी नावं एकमेकांसारखीच असतात, शेपटाकडे जरा चूक झाली की मलमाचं वाटोळं, म्हणून हा नियम. नियम चांगला आहे. माझी जीभ मात्र त्या लायकीची नाही.

लांब नाव समोर आलं की माझे डोळे फिरतात. पहिला तुकडा झोकात म्हणते, दुसऱ्याला अडखळते आणि उरलेलं गिळून टाकते. परवा मी सरळ 'मिथिल-बिथिल' म्हणून मोकळी झाले. आमच्या मुख्य बाईंना सगळे स्पष्टबाई म्हणतात, कारण 'स्पष्ट बोला' याखेरीज त्यांच्या तोंडून फारसं काही निघत नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, की या स्टोअरमध्ये बिथिल नावाचा पदार्थ नाही, असल्यास मी काढून दाखवावा. तेवढ्यात पिंपं गडगडवत नेणारा आमचा गडगड्या पुढे आला आणि नियम म्हणून त्याने छातीठोकपणे 'मिथिल-बिथिल' असं परत म्हटलं. सगळं स्टोअर हसलं. मीही हसले आणि मग मागच्या खोलीत जाऊन रडले.

जुलैच्या शेवटी माझी तोंडी परीक्षा आहे. हेड ऑफिसचे साहेब येणार, बाटल्या पुढे ठेवणार आणि मी नावं म्हणायची. जमलं तर नोकरीत कायम, नाही तर घरी. घरी म्हणजे बाबांच्या साबण-शांपूच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या स्टुलावर. मी इथे आल्यापासून बाबांनी एक ओळ लिहिलेली नाही. आईकडून निरोप मात्र न चुकता येतो, की ते माझं स्टूल रोज पुसून ठेवतात. आत्या, मला त्या स्टुलावर परत बसायचं नाही. दुकान वाईट नाही आणि बाबा तर नाहीतच, पण इथे मला पहिल्यांदा आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागलंय, आणि नेमकी जीभ दगा देतेय.

तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो, निदान मत तरी असतंच. जे असेल ते लवकर धाड.

तुझ्या लोभाची खात्री आहे, उपायाची वाट पाहते आहे,
बिट्टी


ता. १० जून

चि. बिट्टीस अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

धपाटा रडण्याबद्दल. रडलेल्या चेहऱ्याचा फोटो चांगला येत नाही आणि रडक्या गळ्यातून नाव बाहेर पडत नाही.

तू माझ्याकडे यायचं ठरवलंस हे शहाणपणाचं केलंस. डार्करूममध्ये माझी हयात गेली. फोटो पक्का करायच्या ज्या द्रव्याला आम्ही सगळे हायपो हायपो म्हणत आलो त्याचं खरं नाव सोडियम थायोसल्फेट आहे, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. पण खरं सांगते, माझी विद्या तिथेच संपते. नशिबाने तुझं पत्र आलं तेव्हा रसायनाचे एक निवृत्त मास्तर पासपोर्टच्या फोटोसाठी माझ्या स्टुडिओतल्या स्टुलावर बसले होते. आयता सापडलेला माणूस सोडू नये. सगळं नीट समजावून देईपर्यंत मी त्यांचा फोटो काढला नाही. शेवटी काढला तेव्हा ते काही नावांच्या शेपटाला येणारं 'ओन' म्हणून दाखवत होते, त्यामुळे तोंड उघडं आलंय. तसाच चालवून घेतो म्हणाले, फक्त जाऊ दे म्हणाले.

आता ऐक. ग्रुप फोटो काढताना मी आधी काय विचारते? फोटो कोणाचा आहे. त्या माणसाला खुर्चीत बसवते आणि मग बाकीचा गोतावळा त्याच्याभोवती लावते. तुझ्या नावांचंही तेच आहे, फक्त खुर्चीतल्याचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी येतात ते सगळे कडेचे, कोण कोणाच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे ते सांगणारे. तू पुढून सुरुवात करतेस म्हणजे खुर्ची मांडायच्या आत काकांची पोरं उभी करतेस. मग गोंधळ होणार नाही तर काय. आधी शेपूट वाच, खुर्चीत कोण आहे ते बघ, मग पुढे जाऊन एकेकाचं नाव घे.

मध्ये आकडे आले तर ते जागेचे नंबर समज. जुळी असली तर 'डाय', तिळी असली तर 'ट्राय'. मिथिल हे कडेवरचं सगळ्यात बारकं पोर, इथिल त्याच्याहून थोरलं. आणि नावात कोण आधी हे इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने ठरतं, वयाने किंवा मानाने नाही. जुळे आहोत म्हणून 'डाय'च्या जोरावर पुढे घुसता येत नाही. हा नियम आपल्याकडे असता तर माझे दीर प्रत्येक फोटोतून रुसून गेले नसते.

एक सहाजणांचं गोल टेबल असतं, त्याचं नाव बेन्झीन. त्यावर शेजारी बसला तो ऑर्थो, एक सोडून बसला तो मेटा, आणि अगदी समोर बसला तो पॅरा. सासू-सुना नेहमी पॅरा बसवाव्यात हे मी जन्मभर करत आले, त्याला असं भारदस्त नाव आहे हे आत्ता कळलं.

रोज जेवताना सराव कर. आणि नाव म्हणताना माझा नेहमीचा हुकूम विसरू नकोस. हनुवटी खाली, श्वास रोखा, हलू नका.

उत्तर लगेच दे, उशिरा दिलंस तर लोभात कपात होईल.

तुझी आत्या


ता. २१ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि., पण साष्टांग सध्या डाव्या कुशीवरून, कारण उजवा खांदा दुखतोय. कारण पुढे येईल.

तुझी युक्ती रामबाण आहे. माझ्या होस्टेलच्या खानावळीत टेबल गोल आहे आणि आम्ही बरोबर सहाजणी बसतो. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना नंबर दिले. ऑर्थोवाल्या शेजारणीशी मी मीठ मागण्यापुरतं बोलते, मेटावालीशी गप्पा होतात, आणि पॅरा बसणारी सुंदर पण माझ्या ताटाकडे सारखी बघणारी आहे. आता आख्खं टेबल एकमेकींना याच नावांनी हाक मारतं. एकीने मेटाशी भांडण झालं म्हणून पॅरा व्हायची परवानगी मागितली.

आणि नावं येतात. खरंच येतात. आमच्याकडे मलम टिकवायला घालतात ते 'मिथिल पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झोएट' म्हणजे मला कडू काढा होता. आता शेपूट बघते. खुर्चीत बेन्झोएट, गोल टेबलाचे यजमान. त्यांच्या बरोब्बर समोर हायड्रॉक्सी. यजमानांचं बोट धरून बारकं मिथिल. झालं की. माणसं कळली की नाव आपोआप तोंडात येतं, जसं मोठ्या घरात कोण कोणाचं कोण हे एकदा कळलं की अडत नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात मीच स्पष्टबाईंना म्हटलं, माझी एक रंगीत तालीम घ्या. सगळं स्टोअर जमलं. स्पष्टबाईंनी तीच बाटली दाखवली. मी तुझा हुकूम पाळला. हनुवटी खाली घेतली, हललेही नाही, आणि श्वास रोखला. आत्या, श्वास रोखून माणसाला फोटो काढून घेता येतो, बोलता येत नाही. मी 'मिथिल' रोखलेल्या श्वासावर काढलं, 'पॅरा' कसंबसं काढलं, 'हायड्रॉक्सी'ला कानात शिट्टी वाजायला लागली आणि 'बेन्झो'वर मी मागे कापसाच्या गठ्ठ्यांवर कोसळले. खांदा तिथल्या लाकडी कडेला लागला. गडगड्याने नियम म्हणून 'मिथिल पॅरा हायड्रॉक्सी बेन्झो धप्प' असं परत म्हटलं.

स्पष्टबाई रागावल्या नाहीत हे जास्त वाईट. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, की परीक्षेत असं झालं तर त्या काहीही करू शकणार नाहीत. बिथिलनंतर त्या पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलल्या. आता नाव येतं पण तोंड उघडायची भीती वाटते. काय करू ते सांग.

लोभ आहेच, तो श्वासासकट असू द्यावा,
तुझी बिट्टी


ता. २७ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र तुझ्या मुलीबद्दल आहे, तेव्हा गल्ला बंद करून मग वाच. तिची परीक्षा महिन्यावर आली आहे आणि तुझा काय उद्योग, तर स्टूल पुसणं. ते स्टूल तू पुसतोस ते प्रेमाने, हे मला कळतं, तुझ्या बायकोला कळतं, पण पोरीला ती धमकी वाटते. तुला कौतुक करता येत नाही हे जुनं आहे. शाळेत मी चित्रकलेत पहिली आले तेव्हा तू मला म्हणाला होतास, की कागद बरा होता.

श्वासाच्या बाबतीत मी तिला घोळात घातलं, ते निस्तरलंय. तिला कळवलंय की नावातली सगळी मंडळी एका श्वासात कोंबायची नसतात, प्रत्येकाजवळ क्षणभर थांबायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि पुढे जायचं.

तू एक काम कर. तुझ्या दुकानात हजार बाटल्या आहेत आणि प्रत्येकीच्या पाठीवर बारीक अक्षरांत अशीच नावं असतात. आयुष्यभर विकत आलास, कधी उलटून पाहिलंस का? त्यातलं सगळ्यात लांब नाव शोध आणि स्वच्छ अक्षरात लिहून मला पाठव. मास्तरांकडून फोड करून घेऊन तिला धाडते. मास्तर हल्ली माझ्या दारावरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जातात, पण मी बघून घेते.

तुझा रुसवा काढून लोभ तेवढा ठेव,
ताई


ता. ५ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाटल्या उलटून पाहिल्या. नाव सोबत पाठवलंय. शांपूवर आहे. एका ओळीत मावलं नाही म्हणून दोन ओळींत लिहिलंय, मधे तोडलंय ते माझ्या मनाने तोडलंय. मिथिलक्लोरोआयसोथायाझोलिनोन. नावातच झोल आहे.

तुझ्यामुळे धंद्याचं नुकसान होतंय. काल एक जुन्या गिऱ्हाईक बाई त्याच शांपूला आल्या. त्यांनी विचारलं, चांगला आहे का. मी सवयीने हो म्हणणार होतो, पण नाव डोक्यात होतं, म्हणून ते मोठ्याने वाचून दाखवायला गेलो. आयसोपर्यंत त्या ऐकत होत्या. थायाला त्यांनी बाटली खाली ठेवली आणि साधा साबण घेऊन गेल्या. बायको म्हणते दुकानात फक्त किंमत बोलावी.

स्टुलाबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. धमकी नव्हती. ती गेल्यापासून त्यावर कोणी बसत नाही, धूळ बसते, ती मला दिसते, मी पुसतो. एवढंच. ती परत यावी असं वाटतं हे खोटं कशाला बोलू. पण हरून यावी असं नाही वाटत.

त्या नावात खुर्चीत कोण बसतं ते मास्तरांना विचारून मलाही कळव. केवळ माहितीसाठी.

तुझा लोभ ओरडण्यातून पोचतोच, चालू ठेवावा,
धाकटा


ता. ३० जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल परीक्षा झाली. निकाल शेवटी सांगणार, खुर्चीतलं नाव शेवटी येतं ना, मग थोडी कळ काढ.

तीन साहेब आले. मोठे साहेब, ज्यांनी छत्री शेवटपर्यंत हातातून सोडली नाही. चष्मेवाले साहेब. आणि तिसऱ्या साहेबांना सर्दी झालेली. स्पष्टबाई बाजूला, गडगड्या परत म्हणायला. सुरुवातीच्या बाटल्या मी तुझ्या नव्या हुकुमाने काढल्या. प्रत्येकाजवळ थांबले, डोळ्यांत पाहिलं, पुढे गेले. मिथिल पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झोएट तर असं निघालं की स्पष्टबाईंच्या भुवया वर गेल्या, आणि त्या भुवया आजवर कोणी हललेल्या पाहिल्या नव्हत्या.

मग मोठ्या साहेबांनी शेवटची बाटली ठेवली. तेच नाव, तू धाडलेलं, शांपूवालं. पण आमच्या बाटलीवर ते आकड्यांसकट असतं. तू मास्तरांची फोड पाठवलीस तो कागद मी पाठ केला होता. मूळ नावाच्या कागदावरचं अक्षर बाबांचं होतं हे मी तेव्हाच ओळखलं होतं, तुला काही बोलले नव्हते. तो कागद खिशात होता. आणि नेमका तोच विचार मनात आला, की हे चुकलं तर बाबांनी स्वतः लिहून दिलेल्या नावावर चुकलं असं होईल. झालं. जीभ टाळूला चिकटली. 'फाइव्ह-क्लोरो' म्हटलं आणि पुढे सगळं पांढरं. सर्दीवाले साहेब शिंकले. मोठे साहेब घड्याळाकडे बघायला लागले. मला समोर ते स्टूल दिसायला लागलं, चकाचक पुसलेलं.

अशा वेळी तू काय केलं असतंस याचा मी विचार केला. तू खुर्च्या हलवल्या असत्यास. मी म्हटलं, साहेब, जरा उठता का.

ते इतके चकित झाले की उठले. मी पाच खुर्च्या गोल मांडल्या, कारण मास्तरांनी लिहिलंय की हे पाचजणांचं कडं आहे. पहिल्या जागेवर गडगड्याला बसवलं, तो गंधक, म्हणजे थाया. आयसो म्हणजे नायट्रोजन त्याला अगदी चिकटून असतो, म्हणून दुसऱ्या जागेवर स्पष्टबाई, आणि नायट्रोजनच्या कडेवर मिथिल असतं म्हणून त्यांच्या मांडीवर कापसाचा गुंडाळा दिला. त्यांनी तो बाळासारखा धरला. तिसऱ्या जागेवर मोठे साहेब, त्यांची छत्री बाहेर काढायला लावली, तो ओनचा ऑक्सिजन. पाचव्या जागेवर सर्दीवाले साहेब, त्यांच्या काखेत फरशी पुसायची क्लोरीनची बाटली, कारण त्यांना वासाचा त्रास होणार नव्हता. चौथ्या जागेवर चष्मेवाले साहेब. त्यांना काहीच द्यायचं नव्हतं. ते म्हणाले, सगळ्यांना काहीतरी मिळालं, मलाच का नाही. त्यांचा आवाज अगदी तुझ्या दिरांसारखा झाला होता. मी म्हटलं, तुम्ही पाचव्या जागेवरच्या साहेबांचे दोन्ही हात धरा, तुमच्या दोघांत दुहेरी बंध आहे. त्यांनी धरले, आणि खूश झाले.

मग मी दोन पावलं मागे गेले आणि तोंडातून आपोआप निघालं, हनुवटी खाली, हलू नका. आत्या, हेड ऑफिसचे तीनही साहेब हलले नाहीत. मी एकेकाच्या डोळ्यांत पाहत गेले. फाइव्ह-क्लोरो, टू-मिथिल, फोर-आयसोथायाझोलिन, थ्री-ओन. एकही अक्षर गिळलं नाही.

मोठे साहेब म्हणाले, की परीक्षकांना उठवून बसवणं हे नियमात बसत नाही. तेव्हा स्पष्टबाई कापूस मांडीवर घेऊनच बोलल्या, की नियम एकच आहे, नाव पूर्ण म्हटलं गेलं पाहिजे आणि ते परत म्हटलं गेलं पाहिजे. पहिलं झालेलं आहे, दुसरं राहिलंय. गडगड्याने तोंड उघडलं, पण तो थायाच्या पुढे जाईना, म्हणाला माझं एवढंच. मग सर्दीवाल्या साहेबांनी नाकातून 'क्लोरो' म्हटलं, स्पष्टबाईंनी 'मिथिल' म्हटलं, चष्मेवाल्यांनी न विचारता 'लिन' घातलं, आणि मोठ्या साहेबांनी छत्री उंचावून 'ओन' म्हटलं. क्रम चुकला, पण मंडळी सगळी आली. साहेब स्वतःच हसत सुटले आणि त्यांनी सही केली.

आत्या, मी कायम झाले. घरी निरोप गेलाय. बाबा काही म्हणाले का ते कळव. मीच विचारलं असतं, पण भीती वाटते.

तुझा लोभ यापुढेही असाच उठता-बसता लाभावा,
तुझी बिट्टी


ता. ८ ऑगस्ट

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा बरा आहे. नळ गळत होता तो दुरुस्त केला.

तुझी आत्या येऊन गेली. साहेबांचं सगळं ऐकलं. आई हसून हसून रडली. मी दुकानात होतो, पण ऐकू आलं.

परीक्षेच्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं. मी गल्ल्यावर पाच साबण गोल मांडून बसलो होतो. मास्तरांचा कागद आत्याने मलाही पाठवला होता. दुपारपर्यंत ते नाव मला न बघता यायला लागलं. दोनदा म्हटलं. एकदा आईला ऐकवलं. पोरगीही आत्ता हेच म्हणत असेल, असं आई म्हणाली. मी म्हटलं, म्हणत असेल.

परवा त्या गिऱ्हाईक बाई परत आल्या. मी नाव पूर्ण म्हणून दाखवलं, न अडखळता, आणि सांगितलं, की माझी मुलगी हे रोज म्हणते, तिची तिथे कायमची नोकरी आहे. त्यांनी दोन बाटल्या नेल्या.

स्टूल आता पुसत नाही. त्यावर शांपूचं खोकं ठेवलंय. जागा चांगली आहे, खोकं बरोबर मावतं. तू सुट्टीत आलीस की खोकं खाली ठेवू, बस, आणि परत जायच्या दिवशी पुन्हा वर ठेवू.

पत्र लिहायची मला सवय नाही. मायना वर घालायचा असतो हे ठाऊक आहे. पण आत्या म्हणते, ज्याचा फोटो असतो त्याचं नाव शेवटी येतं. म्हणून गुडघा, नळ, साबण, गिऱ्हाईक, स्टूल हे सगळे कडेला उभे केले.

चि. बिट्टीस बाबांचे अनेक आशीर्वाद.